खुर्चीसमोरचा कॅमेरा

सोमवार, ४
रविवारी नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायचंय. त्याआधी एक किरकोळ काम: घरातला कॅमेरा तिकडून दिसला पाहिजे. कारण मांजर. माणसांसाठी फोन असतो. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट करून देणारा नियम: अंदाजे दहा मिनिटं. माझं शिक्षणच नेटवर्कचं आहे.

मंगळवार, ५
दहा मिनिटं पुरली नाहीत. राउटरचा पासवर्ड मी त्याच्या लेबलवर लिहून ठेवला होता. लेबल मांजराने ओरबाडलंय. ते राउटरवरच झोपतं, ऊब लागते म्हणून. शेवटी रीसेट. माझ्या लॅपटॉपवर चाललेला बाबांचा हवामानाचा व्हिडिओ मध्येच थांबला. माझी चूक नाही.

बुधवार, ६
कॅमेरा बाबांच्या खुर्चीसमोर लावला. तिथे उजेड चांगला येतो. बाबा म्हणाले, मांजर तर इथे फिरकतही नाही. फिरकू शकतं, म्हटलं. मग मी बसू की उठू, असं विचारलं त्यांनी. बसा, म्हटलं. फोकस जुळवायला बरं.

गुरुवार, ७
नियम लिहिला. बाबांना सोपं करून सांगितलं: राउटर म्हणजे फाटकावरचा वॉचमन, बाहेरून आलेल्याला कुठल्या खोलीत पाठवायचं हे त्याला आधी सांगून ठेवायचं. बाबा म्हणाले, मग सांगून ठेव, आमची मुलगी आली तर काही न विचारता आत सोड.
सुरक्षेच्या दृष्टीने हे चूक आहे. सांगितलं नाही.

शुक्रवार, ८
टेस्ट यशस्वी. सोफ्यावर बसून मोबाइलवर खुर्ची स्पष्ट दिसली. बाबा म्हणाले, अगं, ती इथून तशीही दिसतेय. रस्त्यावर जाऊन बघ की.
गरज नाही.

शनिवार, ९
रस्त्यावर गेले. भाजी आणायची होती. खुर्ची दिसली नाही.
कारण सापडलं: बाबा बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करतात, राउटरसकट. सकाळी फिरायला जातानाही केली होती. परत चालू झाल्यावर कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदलला आणि नियम जुन्या पत्त्यावर पाठवत राहिला. आता कॅमेऱ्याला कायमचा पत्ता दिला. राउटरच्या बटणावर चिठ्ठी: बंद करू नये.
पुन्हा भाजी आणायला गेले. दिसलं! बाबांनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. त्यांना दिसणार नव्हता, ठाऊक आहे.

सोमवार, ११. सकाळी ७
नवी खोली. कनेक्शन नाही. नियम बरोबर, पत्ता बरोबर, म्हणजे इंटरनेट कंपनीचा घोळ. तक्रार नोंदवली. कडक शब्दांत.

संध्याकाळी ७.४०
बाबांचा फोन. राउटर काढून, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलाय. तू गेलीस, आता इंटरनेट लागतंय कुणाला, म्हणाले. चिठ्ठीचं काय, विचारलं. बटणाला हात नाही लावला गं, म्हणाले, वायरच उपसली.
तक्रार मागे घेतली.
बावन्न मिनिटं बोललो. मांजराचं विचारायचं राहिलं.