मथळा सोडून पाचवी ओळ

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत बसून लिहिते आहे, पण भावना आडवी आहे असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? मामी कशी आहे? आई बरी आहे. तुला फोन कर म्हणून ती मला रोज सांगते आणि स्वतः करत नाही.

तू पाठवलेलं मन वाचायचं पुस्तक आणि सोबतची चिठ्ठी मिळाली. तुझ्या जुन्या ऑफिसातल्या निवृत्त मंडळींना मेळाव्यात तुझा जादूचा कार्यक्रम हवा आहे, त्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, आणि पुस्तक भरवशाचं निघालं तरच तू हो म्हणणार, हेही समजलं. तू अकरा वर्षांत स्टेजवर पाऊल ठेवलेलं नाहीस. त्या शेवटच्या कार्यक्रमाविषयी आपल्या घरात कोणी बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. (पहिल्या रांगेतून तू मला वर बोलावलंस, मी चौदा वर्षांची होते, तू "दिवा" म्हणालास आणि मी माइकवर "नाही, चूक" म्हणाले. झालं बोलून.)

आता पुस्तकाविषयी. वरून ती साधी कादंबरी दिसते. प्रेक्षकाने कुठलंही पान उघडायचं, पाचव्या ओळीतला पहिला शब्द मनात धरायचा. आपण पुस्तक मिटायला सांगण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन पानाचा आकडा बघायचा. शेवटच्या अंकावरून शब्द कळतो, कारण असे शब्द साऱ्या पुस्तकात दहाच आहेत, आणि दहाही डोळ्यांपुढे येतील अशा वस्तूंचे: दिवा, खिडकी, पायरी वगैरे. त्यामुळे कथानकाचे जे हाल झालेत ते वाचवत नाहीत. नायक दर दहा पानांनी दिवा लावतो, तो कधी विझवत नाही, आणि सगळे दिवे जळत असताना त्याला नायिका दिसत नाही. विक्रेत्याच्या चिठ्ठीत "शंभर टक्के यश" असं लिहिलं आहे. आमच्या लॅबमध्ये आम्ही वजनकाटे तपासतो. शंभर टक्के म्हणणारा काटा आम्ही आधी बाजूला काढतो.

मी साठ चाचण्या घेतल्या, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी. आमच्या साहेबांच्या दोन चुकीत धराव्या लागल्या, कारण ते पाचव्या ओळीवर थांबलेच नाहीत. पान संपवलं, पुढचं उलटलं, आणि मी शब्द विचारल्यावर "थांब गं, तो जिना उतरतोय" म्हणाले. पुस्तक ते घरी घेऊन गेले. परत देताना शेवट फारच घाईत उरकलाय म्हणून माझ्यावर नाराज होते, जसं काही मीच लिहिलंय.

आईची चाचणी मला जास्त त्रासाची झाली. तिने पान उघडलं, मी आकडा पाहिला, "पायरी" म्हणाले. ती लगेच "बाई गं, बरोबर!" म्हणाली. वहीत बरोबरची खूण केली. रात्रीचं जेवण झाल्यावर ती सहज म्हणाली, त्या सत्त्याऐंशी पानावरचा नायक अगदी तुझ्या मामासारखा खिडकीत बसतो. सत्त्याऐंशीचा शब्द खिडकीच आहे. मी सातचा एक वाचला होता. तिला विचारलं, मग बरोबर का म्हणालीस? तर म्हणे, "तू इतकी तोंडाकडे बघत होतीस माझ्या. काय बिघडलं?" काय बिघडलं ते तिला समजावून सांगण्यात अर्धा तास गेला आणि तिचं मत बदललं नाही. मी वहीतला निकाल बदलला. पण त्यानंतर उरलेल्या "बरोबर"कडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते.

तर बरोबर पंचेचाळीस, चूक पंधरा. त्यांत माझी नजर चुकली चारदा, साहेब दोनदा. उरलेल्या नऊंचं कारण लागेना. ते स्टोअरच्या काकांनी लावलं. मी म्हणाले, "काका, शब्द मनात आणा, त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा." ते बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "'आणि'चं चित्र कसं आणू?" मी पान बघितलं. तिथे प्रकरण सुरू होत होतं. काकांनी वरचा मथळा पहिली ओळ म्हणून मोजला होता. मी म्हटलं, मथळा कोण ओळीत धरतं? तर म्हणाले, "का? तो काय छापलेला नाही? फुकट बसलाय का वर?" वहीतली पानं परत काढून बघितली. नऊच्या नऊ जागी प्रकरणाचं पहिलं पान.

निष्कर्ष: पुस्तक ठीक आहे, सूचना अपुरी आहे. "मथळा सोडून पाचवी ओळ" असं स्पष्ट सांगावं. तेवढं केलंस तर पुस्तक वापरण्याजोगं आहे.

तुझी भाची

ता.क. १ : पुस्तकाचं थोडं नुकसान झालं आहे. आमच्याकडे तपासलेल्या वस्तूला हिरवं लेबल लागतं. काकांनी हाताच्या सवयीने मुखपृष्ठावर लावलं: "तपासले. वापरास योग्य. पुढील तपासणी एक वर्षाने." ते स्पिरिटने काढताना नायिकेचं नाक गेलं. लांबून कळत नाही. जवळून कळतं.

ता.क. २ : काकांच्या "आणि"नंतर मी घरी येऊन कपाट उघडलं. तुझं जुनं पुस्तक, जे तू त्या संध्याकाळी "तुझ्याकडेच ठेव" म्हणून माझ्या हातात दिलंस, ते मी अकरा वर्षांत उघडलं नव्हतं. त्याचीही पद्धत हीच आहे, हे तुझी चिठ्ठी वाचताना लक्षात यायला हवं होतं. तुला आठवत असेल, तू "नक्की?" असं विचारलंस, तेव्हा मी साऱ्या सभागृहाला ऐकवलं होतं: "नक्की. पान एकशे बारा, पाचवी ओळ. माझा शब्द 'तथापि' आहे." तीनशे माणसं हसली. पान एकशे बारावर प्रकरण आठवं सुरू होतं. मथळा सोडून पाचव्या ओळीतला पहिला शब्द दिवा आहे.

तुला ते तिथेच कळलं होतं. आकडा तू पाहिला होतास, वर मी तो ओरडून सांगितला. पुस्तक उघडून दाखवलं असतंस तर ती तीनशे माणसं माझ्यावर हसली असती. तू "अरे वा, आज चुकलो बुवा" म्हणालास, मला टाळ्या मिळवून दिल्यास, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यांचं कारण सांगून पुढचे दोन कार्यक्रम रद्द केलेस. त्या दिवसापासून मी स्वतःला बिनचूक समजत आले आहे. नोकरीही त्यावरच मिळाली.

ता.क. ३ : नवं पुस्तक वापरू नकोस (नाक). मेळाव्याला हो कळव. जुनं मी घेऊन येते. मला वर बोलाव. पान एकशे बाराच उघडेन आणि मथळा सोडून मोजेन. फक्त एक लक्षात ठेव. मी आईसारखी नाही. दिवा सोडून दुसरं काही म्हणालास, तर मी माइकवर चूकच म्हणेन.