शिडीने खाली

प्रिय टिटवे,

तुझ्या आईचा फोन आला होता. पोहण्याची पिशवी कॉटखाली ढकलून दिलीस आणि विचारलं की तोंड फिरवतेस, म्हणाली. माझी बहीण पहिल्यापासून घाईची, ‘दादा, तू तिला दोन गोष्टी सांग’ म्हणून फोन ठेवूनही मोकळी झाली. मला कुठल्या दोन गोष्टी येतात? मी पोहण्याच्या तलावाची राखण करणारा माणूस. औषध टाकावं, जाळीने पानं काढावीत, पोरांवर ओरडावं. तुला पाय वर करून उलटं उभं राहायचा नाद लागला आणि मी टिटवी नाव ठेवलं, तेवढंच काय ते माझं शिक्षण.

तुझी मनोऱ्यावरून उड्यांची स्पर्धा आम्ही घरीच टीव्हीवर बघितली. तुझ्या प्रत्येक उडीला मामी उशी तोंडावर धरायची आणि पाण्याचा आवाज झाला की मला विचारायची, ‘सरळ गेली का हो?’ चौथ्या उडीपर्यंत मी ‘गेली, गेली’ म्हणत होतो. चौथीनंतर खुर्ची टीव्हीजवळ ओढली. तू पाण्यातून वर आलीस आणि गुणांच्या पाटीकडे न बघता आधी छताकडे बघितलंस. लहानपणी आपल्या तलावावर एकदा गिरकीत तुला पाणी कुठल्या बाजूला आहे तेच कळेनासं झालं होतं आणि पोटावर आपटली होतीस, आठवतं? तेव्हाही बाहेर येऊन अशीच वर बघत राहिली होतीस. पुढची उडी शेवटची, सगळ्यांत अवघड, आणि पदक त्याच्यावर लटकलेलं.

तू वर गेलीस, टोकाशी उभी राहिलीस. मग वळलीस आणि शिडीने खाली आलीस. मामीने उशीआडून विचारलं, ‘आवाज का नाही आला?’ मी म्हटलं, ‘उतरली ती.’ तिने उशी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘बरं झालं बाई.’ दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की ऐनवेळी कच खाल्ली. लिहिणाऱ्याला वरून पाणी कसं दिसतं ते ठाऊक नसावं, त्याचा राग धरू नकोस.

पण तुला पेपर लागला नाही, हे मला कळतं. तुला लागली आपल्या तलावाची टाळी. आपल्या उडीच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी तो पत्रा आहे ना, ‘वर गेलेल्याने शिडीने खाली येऊ नये’, तो मीच रंगवलेला. शिडी अरुंद. प्लंबरची मुलगी वर जात होती, कुणीतरी खाली येत होतं, धडक बसून तिचा पुढचा दात पडला. म्हणून तो पत्रा. त्यात शौर्याचं काही नव्हतं, दाताचं होतं. पोरांनी त्याचं काय करून ठेवलं ते तू जाणतेस: जो उतरेल त्याला तळाला पोचेपर्यंत संथ टाळ्या. त्या मोठ्या हॉलमध्ये सगळे चिडीचूप होते, पण तुझ्या कानात पायरीपायरीला तीच टाळी वाजत असणार.

आज सकाळी तलाव पोरांनी भरलेला असताना मी मनोऱ्यावर चढलो. गुडघे कुरकुरत होते. सगळी पोरं पाण्यातून माना वर करून ‘मामा, मारा उडी’ म्हणून ओरडायला लागली. मी टोकाशी उभा राहून पाणी नीट बघून घेतलं आणि वळून शिडीला लागलो. टाळ्या सुरू झाल्या, संथ, अगदी ठेक्यात. मला हसू येत होतं आणि थोडी लाजही वाटत होती, खोटं कशाला बोलू. अर्ध्यावर पाय अडखळला, तेव्हा टाळ्या थांबल्या. खाली मामी जेवणाचा डबा घेऊन उभी होती. म्हणाली, ‘सावकाश या, खाली कुणाला घाई नाही.’ तळाला पोचलो, रंगाचा डबा आणला आणि त्या पत्र्यावर नवीन लिहिलं: ‘उतरणाऱ्याला आधी वाट द्यावी.’

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. तुझ्या सरांचाही फोन होता. पुढच्या स्पर्धेतून नाव काढून टाका असं तू त्यांना कळवलंस. ते शनिवारपर्यंत थांबणार आहेत. तिला समजावा, म्हणाले. मी समजावणार नाही. नाव ठेव की काढ, ते तुझं तू बघ. माझं मागणं एवढंच, की शनिवारच्या आत एकदा इकडे ये. पोहण्याची पिशवी आणू नकोस. घरच्या कपड्यांतच वर चढ, हवं तितका वेळ उभी राहा, आणि शिडीने खाली ये. मी पायथ्याशी शिडी धरून उभा असेन. मग सरांना काय सांगायचं ते सांग.

तुझाच,
शिडीने उतरलेला मामा