ताटलीतली लवंग

वरूड, १९६१

अकोल्याच्या मास्तरांना ललिताचा जयभीम.

काल तुमच्या घरून होकार आला अन् बाबानं साऱ्या मोहल्ल्यात गूळ वाटला. तुमच्या आत्याबाईनं निरोप धाडला, की पोरगी लय शांत आहे, लाजरी आहे.

मास्तर, मी शांत नाही. तुमी मले पाहाले आले, तवा माझी दाढ सुजून गाल टम्म फुगला होता. तोंडच उघडत नव्हतं. वहिनीनं पदर गालावर ओढून दिला, अन् साऱ्या सवालांले मी नुसती मान हलवली. नाही तर आत्याबाईले मीच उलटे सवाल केले असते.

परवा अमरावतीच्या डॉक्टरानं दाढ काढली. आतली नस सडली होती, मुळाले पुवाची थैली लोंबून राहिली होती. आता गाल उतरला अन् माझी टकळी पुन्हा सुरू झाली. वहिनी म्हणते, "लगन लागेपर्यंत तरी गप राह्य वं!"

तुमाले फसवाचं नव्हतं, म्हणून लिहाले बसली. पण लिहिता लिहिता आठवलं. पानसुपारीच्या ताटलीतली लवंग साऱ्यांनी तोंडात टाकली. तुमी मात्र, मी कप उचलाले आली तवा, आपली लवंग माझ्यासाठी बशीत ठेवली अन् हळूच आपल्या गालाले बोट लावलं. आत्याबाईले माझी लाज दिसली, तुमाले माझी दाढ दिसली. ती लवंग मी रातभर दाढेखाली धरली.

म्हणून हे पत्र डाकेत टाकत नाही. आता तोंड पुरतं उघडते. सारं अकोल्याले आल्यावर सांगीन, अन् तुमाले ऐकाच लागन.

तुमची होणारी,
ललिता