चार हिरवे दिवे

२३ जून, सोमवार
अखेर बॉक्स आला. मोखाड्यापासून रस्त्याच्या कडेने पुरत आणलेली इंटरनेटची केबल आज आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीतून आत शिरली. इंजिनियरने चालू करून दाखवला. चार दिवे, चारही हिरवे. मी ताबडतोब बंद केला. कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून निर्णय माझा: जव्हारच्या प्रांतसाहेबांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत नेट वापरायचं नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही.

संध्याकाळी कातळावर जाऊन जाहीर केलं की आता इथे चढायची गरज संपली. गावात रेंज फक्त या कातळावर मिळते, तीही एका वेळी तिघांपुरती. बाकीच्यांनी एकेक चप्पल रांगेत ठेवून थांबायचं. शेळ्या चारता चारता रांगेवर लक्ष ठेवते फागी आजी. तिला म्हटलं, पंधरा दिवसांत कातळ फक्त तुझ्या शेळ्यांचा. ती म्हणाली, बरं हाय, पण चपला आत्ताच नको हलवू.

२५ जून
हर्षदाचा नर्सिंगचा फॉर्म ऑनलाइन भरायचाय. शेवटची तारीख १२ जुलै. ती कातळावर निघाली होती, मी अडवलं. बाप इंटरनेटचा इनचार्ज आणि पोरगी दगडावर? गावातला पहिला फॉर्म आपल्या बॉक्सवरून भरायचा, फोटोसकट. ती हो म्हणाली. पुष्पाने विचारलं, उद्घाटन कधी. बायकोला सरकारी प्रोसिजर समजत नाही.

बॉक्सला ओल लागू नये म्हणून तांदळाच्या रिकाम्या गोणपाटात गुंडाळून ठेवला. अशा गोष्टी मला आपोआप सुचतात.

२८ जून, दुपारी ३
वरून ऑनलाइन रिपोर्ट मागितलाय. इंटरनेट सुरू आहे का: होय / नाही. ‘उद्घाटन बाकी’ असा कॉलमच नाही. होय केलं. वापरणारे किती? सगळं गाव लिहिलं. कुणाला कशाला वगळा.

रिपोर्ट पाठवायला कातळावर जावं लागलं. घरी सांगितलं की खेकडे बघायला चाललोय. फागीने सातवा नंबर दिला. ओळख असून!

१ जुलै
आज गावदेवाला पावसाची पहिली कोवळी भाजी दाखवली. दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. पूजा उरकून पुंजा भगत ऑफिसात आला. म्हणाला, नारळ उरलाय, तुझ्या बॉक्सापुढे पण फोडतो, पाच मिनिटांत चालू कर. मी समजावलं, हे साहेबांच्याच हातून व्हावं लागतं. त्याने विचारलं, तुझा देव येतो कुठून? म्हटलं, जव्हारवरून, गाडी मिळाली की. तो म्हणाला, आमचा बरा, शिवेतच बसलेला असतो.

अडाणी माणूस. नारळ मात्र ठेवून घेतला.

५ जुलै
घाटात दरड. साहेबांचा दौरा पुढे ढकलला. फीत सर्दाळली, इस्त्री केली, रंग गेला. भाषणाची प्रॅक्टिस पुष्पासमोर केली. ‘माहितीचा महामार्ग’ येईपर्यंत ती भात बघायला उठून गेली.

संकल्प: चिडायचं नाही.
(साडेसात वाजता चिडलो.)

८ जुलै
११ तारीख पक्की! हर्षदाला म्हटलं, साडेदहाला फीत, पावणेअकराला तुझा फॉर्म, वर अख्खा एक दिवस शिल्लक. ती म्हणाली, हो पप्पा. हल्ली फार ऐकते. रोज फागीच्या शेळ्या वळवायला पण जाते, म्हातारीला तेवढीच मदत. संस्कार लागतात.

११ जुलै, शुक्रवार
साहेब आले. फीत कापली. मी गोणपाट काढलं. आतून उंदीर निघाला, मागून त्याचं कुटुंब. केबल बोटभर उरलेली, विजेची वायरही. बटण दाबलं, एकही दिवा नाही.

पुंजाने वाकून पाहिलं. म्हणाला, दाखवायच्या आधीच नवं खाल्लं यांनी, उंदरांना कुणी सांगितलं नव्हतं वाटतं. लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, फोटोत दिवे कुठे दिसतात, घ्या फोटो. घेतला. जेवून गेले.

मग आठवलं, उद्या शेवटची तारीख! तसाच धावत घरी गेलो, हर्षदाला म्हटलं, चल कातळावर, आत्ता. ती भाकरी थापत होती. म्हणाली, पप्पा, फॉर्म २६ जूनलाच भरला. फागी आजीने तिसरा नंबर दिला होता. ओटीपी आईच्या फोनवर आला.

दहा मिनिटं भयंकर रागावलो. नंतर ऑफिसच्या मागे जाऊन एकटाच बसलो. खरं सांगायचं तर आनंदाने रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही.

२१ जुलै
केबलची तक्रार केली. उत्तर आलं: तुमच्या गावात इंटरनेट सुरू असल्याची नोंद आहे. कुणी केली म्हणून विचारलं. माझंच नाव निघालं. कातळावर मोबाइलचा टॉवर होणार होता, तोही रद्द. टॉवर फक्त नेट नसलेल्या गावांना.

गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

१० ऑगस्ट, रविवार
हर्षदाला नाशिकला ॲडमिशन मिळाली. परवा मोखाड्याच्या स्टँडवर एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, रविवारी पाचला फोन करीन, तोवर बॉक्स दुरुस्त झाला असेल, ऑफिसातच थांबा. मी मान डोलावली.

आज चारलाच चप्पल ठेवली. पुढे अकरा. फागीला म्हटलं, पोरीचा पहिला फोन आहे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझी चप्पल उचलून पहिली ठेवली. कुणी ब्र काढला नाही. ही बाई आमच्या ऑफिसात हवी.

पाचला फोन आला. आवाज अगदी स्वच्छ. जेवण ठीक आहे, खोलीत चौघी आहेत. मग तिने विचारलं, बॉक्स सुरू झाला का पप्पा?
मी म्हटलं, होय.
मागे फागीची शेळी ओरडली. ती म्हणाली, ऑफिसात शेळ्या कधीपासून घेतल्या?