सासूबाई आणि शेवटचं पान

३ मार्च
खुनी माळी! मी रहस्यकथेच्या कुठे चाळिसाव्या पानावर, आणि सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणतात, "त्या माळ्यावर लक्ष ठेव हो." झालं! घरात पुस्तक आलं की या आधी शेवटचं पान वाचणार. पटलं तर सुरुवात करणार, नाही पटलं तर पुस्तक परत. वाचनालयातल्या बाई हसतात. मला रडू येतं.
मी? जीव गेला तरी शेवट आधी बघणार नाही. वाचणाऱ्याला काही इमान असतं की नाही!

७ मार्च
भुताची कादंबरी. शंभर पानं नुसतं दार करकरतंय, भूत काही येईना. भीती राहिली बाजूला, कधी एकदा त्या दाराला तेल घालते असं झालं. सासूबाईंना शेवट अर्थातच ठाऊक. "भूत नाहीच आहे. मामाचा कावा आहे सगळा. झोप निवांत." झोपले!

८ मार्च
नवऱ्याने 'यशस्वी कसं व्हावं' छापाचं काहीतरी आणलं. पहाटे उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, 'नाही' म्हणायला शिका. मी थेट तिसऱ्यापासून सुरुवात केली. आजचा स्वयंपाक त्याने केला. उत्तम पुस्तक!

९ मार्च
प्रेमकथा. दोघंही मूर्ख.

१२ मार्च
सासूबाईंना जिना चढताना धाप लागते, म्हणून आज तपासणीला नेलं. हृदयाची झडप बदलायला हवी. नाही बदलली तर जेमतेम वर्षभर, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. कागदावर चित्र काढून ऑपरेशन समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.
"शेवट काय?"
"म्हणजे?"
"म्हणजे मी उठते की नाही ते आधी सांगा. मग सुरुवात करू."
बहुतेक लोक बरे होतात, पण खात्री कोणीच देऊ शकत नाही, म्हणाले. "मग राहू दे," असं म्हणून पर्स उचलून निघाल्या! आम्ही नवरा-बायको मागे पळतोय. आणि धाप म्हणे यांना लागते!

१४ मार्च
नवऱ्याने हात टेकले. नणंदेने फोनवर रडून पाहिलं. या ढिम्म.
मी प्रवासवर्णन घेऊन बसलेय. लेखक बर्फात हरवलाय आणि मला त्याची काडीची काळजी वाटत नाही. पुस्तक लिहिलंय म्हणजे घरी पोचलाच ना! सासूबाईंचं कोण सांगणार?

१५ मार्च
आज भांडलेच.
"आई, ऑपरेशन नाही केलं तर काय होणार, ते तरी माहीत आहे ना?"
"आहे की. डॉक्टरांनीच सांगितलं. वर्षभर."
"मग? पटला हा शेवट? न पटलेलं पुस्तक तर तुम्ही परत करता!"
सोलत होत्या त्या शेंगा बाजूला सारल्या. मग "फार आगाऊ आहेस," म्हणाल्या आणि स्वतःच दवाखान्यात फोन लावला.

२२ मार्च
दवाखाना. सासूबाईंनी सोबत नवी जाडजूड रहस्यकथा आणलेली. आत नेण्याआधी ती माझ्या हातात दिली. शेवटच्या प्रकरणाला रबरबँड!
"एवढंच वाचायचं ठेवलंय. आल्यावर वाचेन. तू हात लावायचा नाहीस." हसल्या. हात मात्र गार पडले होते त्यांचे. मला रडू फुटलं, म्हणून पुस्तक तोंडासमोर धरलं.
नवरा येरझाऱ्या घालतोय. ते दार काही उघडत नाही. मी पहिलंच पान परत परत वाचतेय, अक्षर डोक्यात शिरत नाही. या बाईशिवाय घरात मी भांडू कोणाशी?
शेवटी रबरबँड काढला. शेवटचं पान वाचलं. मी! कोणाचा तरी शेवट मला आत्ताच्या आत्ता हवा होता.

२३ मार्च
शुद्धीवर आल्या. ओठ कोरडे, आवाज खोल गेलेला. माझा चेहरा जरा वेळ न्याहाळला.
"वाचलंस ना? खबरदार, सांगितलंस तर!"