उन्हातली बाटली

चौल, एप्रिल १९३४, संध्याकाळ

थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या मधुमेहासाठी इन्सुलिन आणायला रेवदंड्याला गेलो. दुकानदार गोपाळशेठने ते केसांच्या तेलाशेजारी, काचेच्या कपाटात, थेट पश्चिमेच्या उन्हात मांडलेलं. बाटली हाताला कोमट लागली. डॉक्टरांनी तर गारव्यात ठेवायला बजावलेलं.

"शेठ, ही उन्हाने बिघडली असेल तर?"

"तात्या, दिसायला तर स्वच्छ हाय. सगळे नेतात."

त्याने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही, कोणाला टोचणार तेही विचारलं नाही. मिठागरातून गोणभर मीठ उचललं तर शिपाई धावत येतो. ताडीच्या झाडावर सरकारी नंबर असतो. आणि ज्याचं माप चुकलं तर माणूस जातो, ते औषध कोणीही, कसंही विकावं? औषधांच्या चौकशीला समित्या बसतात, चहा पितात, उठतात. कायदा मात्र नाही.

"तक्रार करीन," मी म्हणालो.

"करा की. तुम्ही पेपरवाले. कोणाकडे करायची तेवढं मलाही सांगा."

मी पैसे मोजून तीच बाटली घेतली, त्याचीच जास्त चीड.

मुंबईहून दुसरी बाटली शनिवारच्या बोटीने येईल. तोवर हीच, कोमट. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली आहे. आतून आक्का विचारते आहे, "सुई उकळलीस का रे?"

उकळली आहे.