शिंगेनचा मुलगा मरत नाही

देवास, ७ डिसेंबर १९८२

प्रिय उदाजी,

सहा वर्षांत तुझी दोन पत्रं आली, दोन्ही माझ्या शाळेच्या पत्त्यावर. धार म्हणजे काही काळं पाणी नव्हे, पण ते असो. आज मी आपल्या तात्यांवर भयंकर वैतागले आहे आणि ऐकायला दुसरं माणूस नाही.

तात्यांनी ताकेदा शिंगेनचं चरित्र लिहायला घेतलंय. चारशे वर्षांपूर्वी जपानात यादवी माजली होती, तेव्हाचा हा मोठा लढवय्या सरदार. रद्दीतून एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि माणूस वेडावला. देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या दफ्तरात उमर गेली, त्यामुळे त्यांच्या जपानात शिलेदार आहेत, बारगीर आहेत, लढाईआधी भंडाराही उधळतात. बरं, लिहितात मोडीत! छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बेनजी, ये तो म्हारे बाप से भी नी बंचेगा." म्हणून शाळेतल्या वह्या तपासून झाल्या की मी ते सगळं बाळबोधीत उतरवते. शिंगेनने स्वतःच्या बापाला राज्याबाहेर हाकललं, ते तात्यांनी दोन ओळींत उरकलं. पागेला मात्र बावीस पानं!

वर डोळ्यांचा हट्ट. उजव्याने दिसत नाही, डाव्यातला मोतीबिंदू पिकलाय. आता थांबलात तर हाही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तात्यांचं एकच पालुपद, ग्रंथ हातावेगळा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. दवाखान्यातले शालिग्राम कंपाउंडर बाजारात दिसले की विचारतात, "तात्याजी को कब ला रई हो?" काय सांगू त्यांना, कपाळ? मला खरंच भीती वाटते रे.

आणि ग्रंथ चार महिने एकाच जागी अडलाय. शिंगेनचा थोरला मुलगा योशिनोबू बापाच्या विरोधात गेला. बापाने त्याला एका देवळात कैदेत ठेवलं, दोन वर्षांनी तो तिथेच मेला. एवढंच लिहायचंय. तात्या रोज लिहितात आणि फाडतात. परवा अखेर पानं हातात दिली. उतरवायला घेतली तर काय, शिंगेन एकटाच घोड्यावर बसून देवळात जातो, मुलाला म्हणतो, "रागाच्या भरात बोललो, घरी चल," आणि दोघे एका ताटात जेवतात! मी डोक्याला हात लावला. म्हटलं, तात्या, असं घडलंच नाही, लोक हसतील. "तुला काय करायचंय? तू उतरव," म्हणाले. संध्याकाळी स्वतःच पानं परत मागितली, डाव्या डोळ्याशी धरून वाचली आणि फाडून टाकली.

सहा वर्षांपूर्वी दसऱ्याला तू राजवाड्यातल्या रिकाम्या गादीला मुजरा करणार नाही म्हणालास, तात्यांनी भर बिरादरीत तुला, पोटच्या मुलाला, घराबाहेर काढलं. चूक कुणाची, हे मला आता ऐकायचं नाही. दोघांचाही कंटाळा आलाय मला. ते बोलावणार नाहीत, तू येणार नाहीस, आणि मध्ये मी बसते कागद गोळा करत. मुलाला मारायचा त्यांना धीर होत नाही, तो मेल्याशिवाय ग्रंथ संपत नाही, आणि ग्रंथ संपल्याशिवाय डोळा वाचत नाही. म्हणून येत्या रविवारी ये. मुजरा नको, माफी नको, नुसता समोर बसून जेव. तू जेवताना दिसलास की त्या जपानी पोराला ते मरू देतील.

तुझीच,
वैतागलेली सुमंगलाअक्का